एकतिसावी सही

४ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला नीट दिसतं असं वहिनी म्हणाली. तरी अक्षर मोठं काढते. तेवीस वर्षं हजेरीच्या रकान्यांत बारीक अक्षर काढून हाताला कंटाळा आलाय.

इथलं तुला थोडंफार माहीत आहे. सिमेंटचा कारखाना बंद होऊन दीड वर्ष झालं. ज्यांना दुसरीकडे थारा होता ते गेले. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये आता आम्ही एकतीस घरं उरलो आहोत. बोअरची मोटार, टाकी, फाटकावरचा माणूस, रस्त्यावरचे दिवे, सगळं आजवर कंपनी बघायची. गेल्या महिन्यात तिनं शेवटचा माणूसही काढून घेतला. जाताना तो मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. ऑफिसातली म्हणावी अशी मीच एक उरले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे काय सांगू. ज्याला वाटेल तो मोटार चालू करतो. एकानं बागेला पाइप लावला, दुसऱ्यानं तो कापला. टाकी रिकामी असताना मोटार चालून चालून जळली. आमच्यातल्याच एका फिटरनं दोन दिवस खपून तारा नव्यानं गुंडाळल्या, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतकी वर्षं एका भोंग्यावर उठणारी माणसं आता एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि पाणी तर नाहीच.

परवा टाकीपाशी दोघांची जुंपली. एकाच्या डोक्याला तीन टाके पडले. मग सगळे माझ्या ओट्यावर जमले आणि म्हणाले, बाई, काहीतरी नियम लिहा. मला हजेरी लिहिता येते, नियम नाही. तू बत्तीस वर्षं कॉलेजात पोरांना समाज कसा तयार होतो ते शिकवलंस. आता आम्हाला एक तयार करून दे.

तुझी
ठकी

१२ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हसू नकोस, पण मला आनंद झाला. मी जन्मभर फळ्यावर खडूनं जे काढत आलो ते तुझ्या ओट्यावर घडतंय.

आम्ही असं शिकवतो. समजा, कुणाचंच राज्य नाही. प्रत्येकजण आपल्या मर्जीचा मालक. मग प्रत्येकाला प्रत्येकाचं भय. रात्री झोप नाही, पेरलेलं आपल्याच हाती लागेल याची खात्री नाही. शेवटी माणसं कंटाळून एकत्र बसतात आणि म्हणतात, मी माझी थोडी मर्जी सोडतो, तूही सोड. या देवाणघेवाणीतून कायदा येतो, न्याय येतो, आणि काहींच्या मते बरं-वाईटसुद्धा त्यातूनच येतं. विद्यार्थी नेहमी विचारायचे, सर, असं खरंच कधी झालं होतं का? मी म्हणायचो, नाही, ही कल्पना आहे. आता मला म्हणता येईल, झालं, आणि माझ्या धाकट्या बहिणीनं ते वहीत लिहून घेतलं.

नियम वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. एकूण सातच. मोटारीवर प्रत्येक घरानं पाळीनं थांबायचं. टाकी महिन्यातून एकदा सगळ्यांनी धुवायची. आजारी माणसाला पाळी माफ, मात्र त्यानं वहीत तसं लिहून द्यायचं. पाचवा नियम नीट वाच: आपल्या वाट्याचं पाणी परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही. तो नसेल तर उद्या कुणीतरी पाण्याचा धंदा मांडेल.

आणि एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सही ज्याची त्यानं आपखुशीनं करायची. जबरदस्ती झाली की तो करार उरत नाही.

काय काय होतं ते बारीकसारीक कळव. अगदी कोण काय बोललं तेसुद्धा.

तुझा
दादा

२ मार्च

दादा,

तुझे नियम लागू पडले. मला वाटलं नव्हतं. तीन दिवस ओट्यावर खल चालला, फिटरनं दोन शब्द बदलून घेतले, आणि मग एकेकानं सही केली. आता सकाळी तास आणि संध्याकाळी तास, एकतीस घरांना पाणी येतं. डोक्याला टाके पडलेला आणि ज्यानं ते पाडले तो, दोघांची पाळी मुद्दाम एकत्र लावली. पहिल्या दिवशी एकमेकांकडे पाठ करून बसले होते. परवा पाहिलं तर एकाच काडीवर दोघांच्या विड्या.

पण सह्या तीसच आहेत.

एकतिसावं घर भट्टीकाकांचं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. भट्टीवर बावीस वर्षं काम केलेला माणूस, आता पासष्टीचा, एकटा. बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब. छाती पार गेली आहे. दहा पावलं चालले की भिंतीला हात लावून उभे राहतात. त्यांना पाळी कोण लावणार होतं? नुसतं वहीत लिहून द्यायचं की मी आजारी, आणि खाली सही. तेवढंही करत नाहीत. मी वही घेऊन दोनदा गेले. म्हणाले, "बाई, नियम चांगले आहेत. मी ते मोडणार नाही. पण सही करणार नाही."

आणि खरंच मोडत नाहीत. दोनच बादल्या भरतात. त्यांच्या ओळीतला गळका जोड त्यांनीच बसल्या बसल्या सुतळी गुंडाळून बंद केला. पण लोक कुरकुरायला लागलेत. आज यानं सही नाही केली, उद्या आणखी चौघं म्हणतील आम्हीही नाही. फिटर तर म्हणतो, सही न करता पाणी मिळत असेल तर आम्ही काय वेडे म्हणून सह्या केल्या? सभा बोलावली आहे. सगळे म्हणतात, तुमच्या दादांना विचारा.

का सही करत नाहीत ते काका सांगत नाहीत. मलाही ठाऊक नाही.

ठकी

९ मार्च

ठके,

तुझ्या भट्टीकाकांनी नेमका तो प्रश्न उभा केला आहे ज्यावर आमच्या परीक्षेत वीस गुण असायचे.

सरळ तर्कानं जायचं तर उत्तर असं. हक्क करारातून येतात. जो करारात आला नाही त्यानं काही सोडलेलं नाही, म्हणून त्याला काही मिळण्याचा हक्कही नाही. त्याला कुणी त्रास देऊ नये, पण पाणी द्यायला इतर बांधलेले नाहीत. दिलं तर ती दया, आणि दयेवर वसाहत चालत नाही. फिटरचं म्हणणं तर्काला धरून आहे.

हे मात्र अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं मोठं आहे आणि अवघड आहे, ते पुढच्या पत्रात लिहितो. तोवर कुणाचं पाणी तोडू नका.

एक आनंदाची बातमी. माझ्या जुन्या कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं आहे. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी आठवण झाली. विषय हाच घेतला आहे, समाजाचा आरंभ. तुझी पत्रं फार कामाला येताहेत. नावगाव अर्थातच सांगणार नाही.

दादा

१८ मार्च

दादा,

सभा झाली. तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझ्या शब्दाला इथे केवढं वजन आहे ते तुला कळणार नाही. फिटर म्हणाला, एवढा शिकलेला माणूस म्हणतोय तर झालंच.

काका शेवटच्या पायरीवर बसले होते. त्यांना विचारलं, काही बोलायचंय का. त्यांनी मान हलवली. बोलले असते तर श्वास लागला असता, असं लोकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी फिटरनं त्यांच्या घरासमोरची नळाची चावी बंद केली. शेजारच्या शिवणवाल्या बाईनं एक बादली भिंतीवरून दिली, तर लोकांनी तिला पाचवा नियम दाखवला. तीही सही केलेली, काय बोलणार. मी कुणाला कमीजास्त बोलले नाही. सगळ्यांना वाटतं, चार दिवसांत तोंडचं पाणी पळालं की येतील आणि करतील सही. एवढीशी तर गोष्ट आहे.

ते जुन्या खाणीवर जातात. तिथे डबकं साचलेलं आहे. हिरवट पाणी. पाच लिटरचा कॅन घेऊन सकाळी निघतात ते अकराला परततात.

तुझं उरलेलं अर्धं लवकर लिही.

ठकी

९ एप्रिल

ठके,

तीन आठवडे तुला उत्तर दिलं नाही. तब्येत ठीक होती. वेळही होता. खरं कारण लिहितो, कारण आज ते न लिहिता झोप लागणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दचकलो. तोडू नका असं लिहिलं होतं आणि तुम्ही तोडलं. त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. पण व्याख्यान पंधरा दिवसांवर आलं होतं आणि माझ्या मनात एक दुसराच विचार आला: बघू या काय होतं. काका सही करतात की लोक नरम पडतात. मी मध्ये बोललो तर जे घडायचं ते घडणार नाही. ठके, मी तुम्हा माणसांना प्रयोगाच्या काचेत ठेवलं होतं.

काल व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. तुमची मोटार, तुमची टाकी, टाके पडलेला आणि टाके पाडणारा, लोक खूप हसले. मग मी भट्टीकाकांवर आलो आणि म्हणालो, हा माणूस म्हणजे करारवाद्यांना पडलेलं कोडं. टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांत आमच्या जुन्या ग्रंथपालबाई उठल्या. आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्यापलीकडे त्या माझ्याशी काही बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सर, त्यांना आता पाणी मिळतंय का?"

मला सांगता आलं नाही. 

आता ते उरलेलं अर्धं. मी ते तीस वर्षं शेवटच्या तासाला शिकवलं आहे, बहुतेक वेळा घाईत.

एक. करार पाळायचा, का? कारण वचन दिलं आहे. पण दिलेलं वचन पाळायचं, हे वचन कुणी कुणाला कधी दिलं होतं? ते कुठल्याच वहीत नाही. म्हणजे करारानं माणूस भला होत नाही. तो आधीच थोडाफार भला असतो म्हणून त्याला करार करता येतो. तुमच्या तीस सह्या ज्या गोष्टीवर उभ्या आहेत ती सहीच्या आधीची आहे, आणि ती काकांपाशी आहेच. न सांगता दोनच बादल्या भरणारा माणूस आणखी काय दाखवणार?

दोन. मी लिहिलं की सही आपखुशीची हवी. पण नाही म्हणायची मोकळीक केव्हा खरी? नाही म्हणून माणूस कुठेतरी जाऊ शकत असेल तेव्हा. चार मैलांत दुसरं पिण्याजोगं पाणी नसेल, तर 'करा नाहीतर राहा तहानलेले' हा करार नव्हे. त्याला आपण साध्या भाषेत गळा धरणं म्हणतो.

हे पत्र मिळताच चावी उघडा. कुणी विचारलं तर सांग, दादा चुकला.

दादा

१४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. चावी त्याच्या आधीच उघडली होती.

सहा तारखेला काका अकरा वाजले तरी परतले नाहीत. एक वाजता शिवणवाली माझ्याकडे आली. नुसती दारात उभी राहिली. आम्ही दोघी आणि फिटर खाणीच्या वाटेनं गेलो. चढावर, अर्ध्या वाटेत, दगडाला टेकून बसले होते. कॅन सांडू नये म्हणून दोन्ही पायांत धरला होता. ओठ निळे पडलेले. डोळे उघडे होते, आम्हाला ओळखलं, पण शब्द येईना.

फिटरनं त्यांना पाठीवर घेतलं. तो सगळी वाट काहीतरी पुटपुटत होता. आधी वाटलं शिव्या देतोय, मग लक्षात आलं, "काका, श्वास घ्या, श्वास घ्या" एवढंच. मालाच्या टेंपोतून त्यांना तालुक्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, एवढी फुप्फुसं घेऊन हा माणूस चढ चढतोच कसा. आता नाकाला नळी आहे.

त्याच संध्याकाळी चावी उघडली. सभा घ्यावी लागली नाही. फिटरनं नुसती फिरवली आणि तिथेच खाली बसला. रिकाम्या घरात नळ सुरू राहिला होता, तो बंद करायलाही कुणी आत जाईना. शेवटी मी गेले.

लोक एकमेकांशी फार बोलत नाहीत. पाळ्या मात्र चुकत नाहीत.

ठकी

२० एप्रिल

ठके,

दोष माझा आहे आणि तो तुमच्यावर वाटून मला हलका करायचा नाही.

पण एक विचारतो, रागानं नाही. माझ्या नऊ मार्चच्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. मी मुद्दाम काढून पाहिली. त्यात स्पष्ट आहे की हे अर्धं उत्तर, आणि तोवर पाणी तोडू नका. सभेला ते वाक्य ऐकूनही तोडावंसं वाटलं? फिटर माझ्या शब्दाला एवढं मानतो म्हणतेस, मग या शब्दाला का नाही मानलं?

दादा

२८ एप्रिल

दादा,

मी ते वाचलंच नाही.

'फिटरचं म्हणणं तर्काला धरून आहे' इथवर वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. म्हटलं, पुढे घरचं आहे. तुझ्या व्याख्यानाचं होतंच की पुढे, म्हणजे अगदी खोटंही नव्हतं. असं अर्धं खोटं मला जमतं. कंपनीनं शिकवलं.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

काका सही का करत नाहीत हे मला ठाऊक होतं. पूर्वीपासून. आठ वर्षांपूर्वी कंपनीनं बाहेरचा डॉक्टर आणून भट्टीवरच्या माणसांच्या छात्या तपासल्या. ज्यांच्या छात्यांत धूळ निघाली त्यांना घरी बसवायचं ठरलं. त्यासाठी एक कागद छापून घेतला. माझा आजार माझ्या सवयींमुळे आहे, कामामुळे नाही, माझी कारखान्याबद्दल काही तक्रार नाही आणि पुढे असणार नाही. खाली सही. अकरा माणसं होती. सह्या घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माणसं माझ्या टेबलापाशी येऊन न विचारता सही करायची. रोजची सवय.

मॅनेजर म्हणाला, वाचून दाखवत बसू नका, घोळ होईल.

काकांना नाव काढण्यापुरतं लिहिता येतं, वाचायला जड जातं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, "काय आहे बाई हे?" मी म्हटलं, "नेहमीचंच. हजेरीचं." त्यांनी हसून सही केली. त्या काळी त्यांची मुलगी दहावीला होती. तिच्या फॉर्मवर फोटो चिकटवायला मी डिंक दिला होता, त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले आणि गेले.

दोन वर्षांनी इलाजाचं विचारायला ऑफिसात गेले तेव्हा त्यांना तो कागद दाखवण्यात आला. मी आतल्या खोलीत होते. बाहेर पडताना त्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, वसाहतीत कुणापाशीच नाही. समोरासमोर आलो की ते नेहमीसारखं 'काय बाई' म्हणायचे.

मी सहीची वही घेऊन गेले तेव्हा त्यांना माझंच अक्षर दिसलं असेल. आणि सभेत मला एकच धाक होता, की ते तोंड उघडतील. लोक विचारतील, का नाही करत सही, आणि ते सांगतील. तुझं शेवटचं वाक्य वाचलं असतं तर सभा लांबली असती, पुन्हा बसावं लागलं असतं, पुन्हा विचारलं गेलं असतं. मला ते लवकर मिटायला हवं होतं. ते मात्र पायरीवर बसून होते आणि मान हलवून नाही म्हणाले. माझी अब्रू राखायला त्यांनी पाणी गमावलं, दादा. लोक समजले श्वास लागतो.

परवा इस्पितळात गेले. मुलगी औषध आणायला खाली गेली होती. मी सगळं बोलले. आठ वर्षांचं, सभेचं, तुझ्या पत्राचं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग नळी जरा बाजूला करून म्हणाले, "नोकरीचा प्रश्न होता तुमच्या. ते मला कळत होतं. पण वाचून दाखवायला हवं होतं. मी सही केलीच असती. त्या वेळी दुसरं काय करणार होतो? पण मला माहीत असतं, मी काय करतोय."

एवढं बोलून त्यांना दम लागला. नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं.

ठकी

६ मे

ठके,

मी तुला दोष देऊ शकत नाही. तू एक वाक्य झाकलंस. मी उरलेलं अर्धं उत्तर तीन आठवडे झाकून ठेवलं, आणि माझी तर नोकरीही पणाला नव्हती.

लोकांना सांगितलंस का? सांगितलं नसशील तर सांगायला हवं. मी येऊ का? गाडीनं सहा तास लागतात, तेवढं बसवतं मला अजून. मी तिथे येऊन सगळ्यांसमोर म्हणेन की ते पत्र माझं होतं.

दादा

१५ मे

दादा,

येऊ नकोस. तू आलास की लोक तुला खुर्ची देतील, तू बोलशील, छान बोलशील, आणि माझं त्यात वाहून जाईल. हे मला माझ्या साध्या शब्दांत सांगू दे.

आठ तारखेला सांगितलं. तुझं पत्र पूर्ण वाचलं, मग कंपनीच्या कागदाचं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. फिटरनं फक्त विचारलं, त्या अकरांत माझे वडील होते का. होते. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी वही आणि किल्ली शिवणवालीकडे दिली. आता ती लिहिते. अक्षर वाईट आहे, पण लिहिलेलं मोठ्यानं वाचते. पाचवा नियम त्यांनी खोडला. पाण्याचा धंदा अजून तरी कुणी मांडलेला नाही. माझी पाळी मंगळवारी असते. माझ्यासोबत ज्याची पाळी तो येतो, बसतो, जातो.

काकांना मुलगी तिच्याकडे घेऊन गेली. जाताना घराला कुलूप लावायला ती आली होती. मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या ना? त्या कागदाची नक्कल मिळेल का?" वकील म्हणतात, फसवून सही घेतली हे कुणी सांगितलं तर कामगारांच्या कोर्टात अर्ज करता येतो. मी म्हटलं, नक्कल नाही, पण सही घेणारी मी आहे. तिनं लावलेलं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं. सही कुणी घेतली ते बापानं तिला सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "तारीख लागली की कळवते," आणि गेली.

ठकी

२१ नोव्हेंबर

दादा,

तुझी मधली दोन्ही पत्रं पोचली. उत्तर द्यायला काही नव्हतं म्हणून दिलं नाही. आज आहे.

काका सप्टेंबरात गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं, कोर्टाच्या कागदावरून. अर्जदाराच्या नावापुढे 'मयत' लिहिलं होतं आणि खाली मुलीचं नाव होतं. सुनावणीची तारीख कालची होती.

मी एकटीच गेले. छोटी खोली, वर पंखा, तीन खुर्च्या. कंपनीचा वकील तरुण होता, त्यानं मला बसायला जागा दिली. मग विचारलं, तुम्हाला कुणी धमकावलं होतं का? मी म्हटलं, नाही, नुसतं सांगितलं होतं. मग तुम्ही नकार का दिला नाही? मी म्हटलं, त्याचं उत्तर मी अजून शोधतेय. त्यानं कोर्टाच्या साहेबांना म्हटलं, हे उत्तर नोंदवू नये. साहेबांनी नोंदवलं.

सगळं मिळून वीस मिनिटं. कारकुनानं टाइप केलेलं परत वाचून दाखवलं, तो नियमच आहे तिथला. 'सदर मजकूर अर्जदारास वाचून न दाखवता, हजेरीचा कागद असल्याचे सांगून मी सही घेतली.' परक्या माणसाच्या तोंडून सपाट आवाजात ऐकलं तेव्हा कळलं की एका ओळीत मावतं ते. निकाल कधी लागेल माहीत नाही. बाकीच्या दहा जणांपैकी चौघं हयात आहेत, फिटरच्या वडिलांसकट. त्यांचेही अर्ज आता येतील असं तो वकील बाहेर कुणाला तरी वैतागून सांगत होता.

बाहेर पडले तर मुलगी स्टॉपवर उभी होती. मी दुसऱ्या टोकाला उभी राहिले. तिच्याजवळ जायला मला तोंड नव्हतं, आणि तिनंही बोलावलं नाही. ऊन होतं. थोड्या वेळानं ती मधल्या बाकावर बसली आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली, शेजारी जागा झाली. मी बसले. ती समोर बघत म्हणाली, शेवटी शेवटी त्यांना फार बोलवत नव्हतं. मी हं म्हटलं.

तिची बस आली. रिकामी होती. तिनं पाहिलं आणि उठली नाही. बस गेली. मग दुसरी आली, तीही तिकडेच जाणारी, तीही गेली. माझी बस यायला पाऊण तास लागला. ती आली तेव्हा मुलीनं हात करून थांबवली, मी चढले, आणि मग ती पुन्हा बाकावर जाऊन बसली.

ठकी